क्लिक कुणासाठी? झाडीपट्टीतली लय आणि रिदम गिटार



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. रिदम गिटारचा सराव मेट्रोनोमवर करावा का, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी कानात क्लिक घ्यावा का. एवढंच. पण हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत विचारला की तो एवढ्यावर थांबत नाही. कारण या भागात वडसा आहे, चिमूर आहे, भामरागड आहे. रात्रभर चालणारं नाटक, खंजिरीवरचं भजन आणि गोलात नाचत गायलं जाणारं रेला, या तिन्ही ठिकाणी लय सांभाळायच्या तीन वेगळ्या रीती आहेत. आणि त्या तिन्हींच्या शेजारी आता एक चौथी रीत येऊन बसली आहे: मोबाइलमधला टक्, टक्, टक्.

आम्ही आज समीक्षा करणार आहोत ती कुणा एका गायकाची किंवा एका गाण्याची नाही, रेकॉर्डिंगच्या एका पद्धतीची. तुम्ही या भागातली अलीकडची गाणी मोबाइलवर लागोपाठ दहा ऐकून बघा. बोली गोड आहे, गळे चांगले आहेत, गिटारही आता बऱ्याच गाण्यांत असते. तरी पाचव्या-सहाव्या गाण्यानंतर कान थकतो. चाली वेगळ्या असूनही सगळी गाणी एकाच चालीने चालतात असं वाटायला लागतं. असं का होतं, हे आज शोधू.

आधी रिदम गिटार म्हणजे काय, ते ठरवू. सुरावट वाजवणारी गिटार वेगळी. रिदम गिटारवाल्याचं काम म्हणजे कॉर्ड धरायचे आणि उजव्या हाताने गाण्याखाली जमीन अंथरायची. अमेरिकेत काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन नावाचा वादक होता. तो १९३७ साली त्या वृंदात आला आणि १९८७ साली जाईपर्यंत जवळपास हेच काम करत राहिला. एका मापात चार आघात, सोलो जवळजवळ नाहीच. रेकॉर्डवर त्याची गिटार वेगळी काढून ऐकू येत नाही, पण ती नसती तर सगळा वृंद लंगडला असता. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्याकडे भानू गुप्ता यांनी हेच काम केलं. त्यांची गिटार अशीच गाण्याच्या खाली असते. ऐकणाऱ्याच्या ती लक्षात राहत नाही, त्याचा पाय मात्र हलतो. रिदम गिटारवाल्याची परीक्षा तिथेच होते.

आता मेट्रोनोम. याची कल्पना डीट्रिख निकोलाउस विंकेल यांची, १८१४ सालची, ॲम्स्टरडॅमची. ती सुधारून, वर आकड्यांची पट्टी लावून १८१५ साली पेटंट घेतलं ते योहान मेल्झेल यांनी. १८१७ साली बीथोव्हेननं आपल्या तोवरच्या आठ सिंफनींचे वेग या यंत्राच्या आकड्यांत छापले. का? तर दुसऱ्या गावात, आपल्या गैरहजेरीत, कुणी ते संगीत वाजवलं तर वेग कळावा म्हणून. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे: हे यंत्र मुळात गैरहजर माणसाचा निरोप पोचवायला वापरलं गेलं.

आपल्याकडे हे यंत्र नव्हतं, पण काम होतं. तबल्याचा सोलो असला की हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात. एक छोटी सुरावट, तीच पुन्हा पुन्हा. तबलजी कितीही लांब गेला तरी समेवर तो लेहरा त्याला भेटतो. म्हणजे आपला मेट्रोनोम टक् म्हणत नव्हता, गात होता. आणि तो कुणीतरी माणूस वाजवत असल्यामुळे, तबलजीनं लय थोडी चढवली की तोही चढायचा. भाषेतही बघा. मात्रा मोजतो, ताल धरतो, पण लयीबद्दल बोलताना आपण म्हणतो लय लागली, लय जमली, लय सुटली, लय चढली. मोजायची गोष्ट आणि जमायची गोष्ट यांना आपण दोन शब्द ठेवले. क्लिक मात्रा देतो. लय आपल्यालाच जमवावी लागते.

मग क्लिक वाईट का? अजिबात नाही. उलट, जे म्हणतात की आमच्या रक्तातच लय आहे, आम्हाला मेट्रोनोम कशाला, त्यांना आम्ही आधी थांबवू. फोन समोर ठेवा, तीन मिनिटं एकच ठेका गिटारवर वाजवा, रेकॉर्ड करा आणि ऐका. बहुतेकांच्या बाबतीत दोन गोष्टी सापडतात. कॉर्ड बदलताना डावा हात उशीर करतो, आणि तो उशीर भरून काढायला उजवा हात पुढच्या दोन आघातांत धावतो. वाजवताना हे कळत नाही. ऐकताना लगेच कळतं. मेट्रोनोमचं पहिलं काम हे: तुमची घाई आणि तुमचा उशीर तुम्हाला दाखवणं. आरशानं चेहरा दाखवावा तसं. तो कारण सांगत नाही, उपायही सांगत नाही, पण आपण कुठे आहोत ते सांगतो.

सराव कसा करावा, हे थोडं तपशिलात सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांची वर्षं वाया जातात.

आपल्याकडे गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात एक ठेका मिळतो: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. हा आठ मात्रांचा आहे. तो केहरव्यावर ठेवून बघा. पहिल्या मात्रेला डाऊन. दुसरीला हात रिकामा वर. तिसरीला डाऊन, चौथीला अप. पाचवीला हात खाली येतो पण तारेला लागत नाही. सहावीला अप, सातवीला डाऊन, आठवीला अप. आता गंमत बघा: केहरव्यात पाचवी मात्रा ही खाली. म्हणजे जिथे तबलजी खाली दाखवतो, नेमका तिथे गिटारवाल्याचा हात तारेला न शिवता जातो. योगायोग असेल, पण शिकवायला फार उपयोगी आहे. कारण नवशिक्याची चूक इथेच होते. तार वाजवायची नाही म्हणून तो हातच थांबवतो. हात थांबला की लय तुटली. मनगट सूप पाखडल्यासारखं वरखाली चालूच राहिलं पाहिजे, आवाज काढायचा असो की नसो. रिदम गिटारमधली अर्धी लय न वाजवलेल्या आघातांत असते.

आता क्लिक लावायचा तो कसा? बहुतेक जण प्रत्येक ठोक्याला लावतात आणि मग वेग वाढवत नेतात, ऐंशी, शंभर, एकशे वीस. यात प्रगती झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात काय होतं, तर वादक क्लिकच्या मागे मागे जायला शिकतो, स्वतः लय धरायला नाही. म्हणून उलट जा. पहिल्या पायरीला क्लिक फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. मग फक्त तिसऱ्या आणि सातव्यावर, म्हणजे पाश्चात्त्य मोजणीत ज्याला दोन आणि चार म्हणतात तिथे. मग फक्त पाचव्या मात्रेवर, खालीवर. समेवर क्लिक नाही, सम तुमची तुम्ही आणायची. शेवटी दोन आवर्तनं क्लिक, दोन आवर्तनं शांतता. शांततेनंतर क्लिक परत येतो तेव्हा तुम्ही त्याच्या पुढे असता की मागे, हे वहीत लिहून ठेवा. आठवडाभर लिहिलंत तर तुमचा स्वभाव कळेल. कुणी कायम पुढे असतो, कुणी कायम मागे.

आणि वेग कमी करा. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो. त्यात चुकायला जागा कमी. मिनिटाला ५० ठोके लावा. आता मध्ये सव्वा सेकंदाच्या आसपास रिकामी जागा आहे. त्या जागेत हात काय करतो, त्यावर तुमची लय कळते. द्रुत वाजवणारा हुशार दिसतो. ठायीत वाजवणाऱ्याला लपायला जागा नसते. गवयांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे.

इथपर्यंत आमची मेट्रोनोमशी काही तक्रार नाही. पुढे रेकॉर्डिंग आलं की तक्रार सुरू होते. ती समजायला आपल्या भागात या.

पहिलं ठिकाण वडसा, म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीचं हे केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, होळीच्या सुमाराला आटोपतो. गावोगाव मंडळं नाटक बोलावतात, कुठे शंकरपटाच्या निमित्तानं, कुठे मंडईच्या. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाट होईस्तोवर चालतं. त्यात गाणं आलं, नाच आला, रडणं आलं, हसणं आलं. या रंगभूमीची दखल देशानं घेतली ती २०२३ साली, डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा. गावाला मात्र ही दखल फार आधीपासून ठाऊक आहे.

इथले ऑर्गनवाले आणि तबलजी काय करतात ते बघा. नट गाण्याआधीचं वाक्य बोलतो. प्रेक्षक हसले तर तो थांबतो. ऑर्गन तोवर सूर धरून राहतो. नटानं श्वास घेतला की तबल्यावर थाप पडते. दुसऱ्या कडव्याला नटीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर लय किंचित ओढली जाते. वन्समोर मिळाला की तेच गाणं दुसऱ्यांदा थोडं चढ्या लयीत येतं, कारण आता मांडवाचाच श्वास वाढलेला असतो. इथे लय तबल्याच्या हातात असते, पण मालकी नटाची असते, आणि दोघेही प्रेक्षकांकडे कान लावून असतात. आता याच ठिकाणी आधी तयार करून आणलेला ट्रॅक लावा. ट्रॅक थांबत नाही. हशा अर्धवट कापून नटाला गाणं सुरू करावं लागतं. रडू आलं तरी ते ठोक्यात बसवावं लागतं. ट्रॅकमुळे पैसे वाचतात हे खरं, पण ज्यासाठी प्रेक्षक थंडीत रात्रभर बसतात, तीच गोष्ट खर्ची पडते.

दुसरं ठिकाण चिमूर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा या गावाशी संबंध सगळ्यांना माहीत आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती. महाराजांची खंजिरी आठवा. गाणारा तोच, वाजवणारा तोच. लय कुणाकडून घ्यायची नाही, कुणाला द्यायची नाही. शब्दावर जोर द्यायचा असला की थाप तिथे आपोआप पडते. आणि मागे बसलेली मंडळी टाळ्यांनी त्यात येतात. भजनाची लय चढते, ती समूह तापतो म्हणून. कुणी म्हणेल, महाराजांचा वेग सुटला? तसं कुणाच्या मनातही येत नाही. एका माणसाच्या श्वासात गाणं आणि ठेका दोन्ही असले, म्हणजे काय होतं, ते खंजिरी भजनात ऐकावं. रिदम गिटारवर गाणाऱ्यानं तर मुद्दाम ऐकावं, कारण त्याचंही काम हेच आहे: एका देहात गळा आणि ठेका.

तिसरं ठिकाण गडचिरोलीचं दक्षिण टोक, माडिया-गोंड समाजाची गावं. रेला गाताना माणसं एकमेकांना धरून गोलात पावलं टाकतात. इथे लय पावलांत आहे आणि एकमेकांना धरलेल्या हातांत आहे. शेजारचा चुकला तर कानाआधी दंडाला कळतं. ढोल असो-नसो, वेग ठरतो तो नाचणाऱ्यांच्या एकत्र पडणाऱ्या पावलांनी. ऐकायला गेलात तर फक्त चालीकडे नका लक्ष देऊ. नवा माणूस गोलात शिरतो तेव्हा पावलांचं काय होतं, ते बघा.

आपल्या धानाच्या मुलखातलं एक साधं उदाहरण देतो. एका उखळात दोघीजणी दोन मुसळांनी कांडतात. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. तिसरं कुणी टाळ्या देत नाही. तरी मुसळं एकमेकांवर आपटत नाहीत. एक दमली, थोडी मंदावली, की दुसरी न बोलता मंदावते. क्लिकशिवाय लय म्हणजे बेशिस्त, असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोघींसमोर उभं राहावं. इथे चूक झाली तर बोटं ठेचतील. म्हणजे शिस्त फार कडक आहे, फक्त ती एकमेकींना दिलेली आहे.

मग रेकॉर्डिंगमध्ये क्लिक आला कुठून? गाण्यातून आला नाही, सिनेमातून आला. १९२८ चा ‘स्टीमबोट विली’ आणि त्यामागचे बोलके व्यंगपट. पडद्यावरचं पाऊल आणि वाद्यवृंदाचा आघात एकत्र पडायला हवे. त्यासाठी पुढे फिल्मच्या कडेला ठरावीक अंतरानं भोकं पाडून वाद्यवृंदाच्या कानात टक् ऐकवायची युक्ती निघाली. सेकंदाला २४ चौकटी; दर १२ चौकटींना एक टक् दिला की मिनिटाला १२० ठोके. चित्र आधी तयार आहे, ते बदलणार नाही, म्हणून संगीतानं जुळवून घ्यायचं. पुढे अनेक ट्रॅकचं रेकॉर्डिंग आलं, मग ड्रम मशीन आलं, १९८३ साली मिडी आलं. आता एक जण आज वाजवतो, दुसरा पुढच्या आठवड्यात, तिसरा दुसऱ्या गावात. एकमेकांना न भेटता जुळायचं असेल तर क्लिक हवाच.

म्हणजे पुन्हा तेच, बीथोव्हेनचंच कारण: गैरहजर माणसं. एका खोलीत नसलेल्या माणसांमधला तो करार आहे. आणि करार म्हणून तो उत्तम आहे. चंद्रपूरच्या मुलानं गिटार पाठवली, नागपूरच्या मुलीनं त्यावर गायलं, पुण्याच्या कुणी बास भरला. क्लिक नसता तर हे झालं नसतं. या सोयीला आम्ही नावं ठेवत नाही.

आमचा आक्षेप एवढाच की, जिथे माणसं हजर आहेत तिथेही हा करार लावला जातो. ढोलकीवाला समोर बसलेला असतो, गाणारी समोर उभी असते, गिटारवाला शेजारी. तरी तिघांच्या कानात क्लिक घालून तिघांना वेगवेगळं वाजवायला लावतात. का? तर नंतर कापायला-जोडायला सोपं जातं. पहिलं कडवं उचलून तिसऱ्याच्या जागी ठेवता येतं. ही सोय संपादन करणाऱ्याची, गाण्याची नव्हे. वर पुन्हा प्रत्येक आघात सॉफ्टवेअरच्या रेघेवर ओढून बसवतात. मग ढोलकीची ती किंचित मागे रेलून पडणारी थाप, जिच्यामुळे पाय हलतो, ती सरळ होते. सुरुवातीला आम्ही म्हणालो ना, कान थकतो? त्याचं एक मोठं कारण हे. गाणी वेगवेगळ्या गळ्यांतली असतात, पण सगळ्यांची पावलं एकाच रेघेवर पडतात.

कुणी म्हणेल, मग काय वेग सुटलेलं रेकॉर्डिंग चांगलं म्हणायचं? तर नाही. आणि इथेच समीक्षेला कसोटी लागते. रोलिंग स्टोन्सचं १९६९ चं ‘हाँकी टाँक विमेन’ ऐका. सुरुवातीचा वेग आणि शेवटचा वेग यांत फरक आहे. गाणं स्पष्टपणे चढतं. ते बिघडलेलं वाटत नाही, कारण चढतात ते सगळे मिळून. म्हणून आमची कसोटी अशी. एकच गाणं क्लिकशिवाय तीन वेळा रेकॉर्ड करा. वेग कुठे बदलतो ते मोजा. तिन्ही वेळा तो त्याच जागी बदलला, आणि सगळे एकत्र बदलले, तर तो बदल गाण्याचा आहे. त्याला हात लावू नका. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बदलला, किंवा एकच जण धावला आणि बाकीचे ओढले गेले, तर तो कच्चेपणा आहे. तेव्हा परत सरावाला बसा, मेट्रोनोम घेऊन. ध्रुपदाला लय चढणं ही रचना असू शकते. अवघड कॉर्डला लय पडणं ही रचना नसते.

आता तयारी करणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी.

एक. वेग गिटारवर ठरवू नका. आधी गाणं नुसतं गा, हातात काही न घेता, आणि तो वेग मोजा. गिटार हातात आली की बोटांना सोयीचा वेग येतो, शब्दांना सोयीचा नव्हे. झाडीबोलीतलं गाणं असेल तर हे आणखी जपा. बोलीचे हेल वेगात चिरडले की बोली राहत नाही, नुसते शब्द राहतात.

दोन. ब्लूटूथचे इअरफोन लावून रेकॉर्डिंग करू नका. त्यांत आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. मिनिटाला ११० ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याचा चौथा भाग १३६ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तुम्ही अगदी बरोबर वाजवूनही रेकॉर्डिंगमध्ये पाव ठोका मागे असू शकता, आणि दोष मात्र स्वतःच्या हाताला देत बसता. वायरचा, कान झाकणारा हेडफोन घ्या. क्लिकचा आवाजही मग माइकमध्ये झिरपत नाही.

तीन. अंतर सांभाळा. आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. दहा मीटरवरचा ढोल तुमच्या कानाला २९ मिलिसेकंद उशिरा येतो. मांडवात नाटकाचे वादक एकमेकांच्या जवळ बसतात यात शहाणपण आहे. रेकॉर्डिंग करतानाही तसंच बसा, गुडघ्याला गुडघा लागेल असं.

चार. क्लिक घ्यावाच लागला, तर टक् ऐवजी ठेका घ्या. ओळखीच्या ढोलकीवाल्याकडून गाण्याच्या वेगात पूर्ण लांबीचा ठेका वाजवून घ्या, चढ-उतारासकट, आणि तो कानात ठेवून गिटार वाजवा. किंवा दोघं मिळून क्लिकशिवाय वाजवा आणि नंतर सॉफ्टवेअरच्या रेघा त्या वाजवण्याप्रमाणे सरकवा. आजची बरीचशी सॉफ्टवेअर हे करतात. रेघांनी गाण्यामागे जावं.

हे सगळं इतकं का ताणतो आहोत आम्ही? कारण जे रेकॉर्ड होतं तेच पुढे मूळ मानलं जातं. हे आधी घडून गेलंय. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्यात आले, गौहर जान यांचा आवाज तबकडीत गेला. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत बसवायची कला लोकांनी कमावली, आणि ती मोठी कला होती. पण तेव्हा मैफलही जिवंत होती, म्हणून ऐकणाऱ्याला फरक कळायचा. रेलाचं तसं नाही. उद्या एखाद्या गावात पोरं स्पीकरवर चार मिनिटांचं, एका वेगातलं, गिटार घातलेलं रेला लावून नाचतील, आणि म्हातारी माणसं गाईनाशी झाली, तर त्या पोरांसाठी मूळ रेला कोणतं? स्पीकरवरचंच. मग आजी कधी गायला लागली, तर पोरं म्हणतील, आजीचा वेग चुकतोय. धोका हा आहे. आणि तो गिटारमुळे येत नाही. गिटार कुठल्याही लयीला शिकू शकते. गिटारवाल्यानं मात्र ठरवायला हवं की तो गोलात शिरणार की गोलाला रेघेवर आणणार.

वेळ झालीये, पण एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो. “आमच्या गावात ढोलकीवाला नाही. मी आहे, गिटार आहे आणि फोन आहे. मग मी काय करू?”

चांगला प्रश्न. मेट्रोनोमवर सराव करा, जसा वर सांगितला तसा, रोज वीस मिनिटं. त्यानं हात प्रामाणिक होईल. पण आठवड्यातून एकदा तरी क्लिक बंद करून माणसासोबत वाजवा. ढोलकीवाला नसेल, पण भजनी मंडळ असेल. शनिवारच्या भजनाला जा, मागे बसा, पहिले चार शनिवार गिटार नेऊच नका, नुसत्या टाळ्या द्या. लय कुठे चढते, कोण चढवतं, बाकीचे कसे येतात, ते शिका. पाचव्या शनिवारी गिटार न्या आणि विचारा, “काका, तुमच्या मागं बसून वाजवू का?” फक्त कॉर्ड धरा, आवाज कमी ठेवा. काकांनी मध्येच वळून बघितलं तर समजा तुम्ही पुढे पळालात. नाही बघितलं तर जमलं.

मग त्या दिवशी फोन मध्ये ठेवून रेकॉर्ड करा. ते पहिलं रेकॉर्डिंग आम्हाला ऐकायला आवडेल.